हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर व्हायचंय? मग या चुका टाळा

सुट्टी लागली की बारावी सायन्सवाल्यांपासून फिजिओ, नर्सिंग, एमएसडब्ल्यूपर्यंत (समाजकार्याची पदवी) सगळ्यांचा एकच प्रश्न, एखाद्या हॉस्पिटलमध्ये काम मिळेल का, एक्सपिरियन्स हवाय. मिळतं की. पण बरेच जण मागतानाच चुकीचं काम मागतात आणि मग कंटाळून घरी बसतात.

पहिली चूक, थेट ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, नाहीतर आयसीयू मागणं. तिथे तुम्हाला हात लावू देणार नाहीत आणि देऊही नये, म्हणजे दिवसभर कोपऱ्यात उभं राहायचं आणि सिस्टरांच्या वाटेत यायचं. त्यापेक्षा सरकारी हॉस्पिटलात ओपीडीची मदत खिडकी मागा. सकाळी केसपेपरच्या रांगेत गावाहून आलेली आजी असते, पिशवीत जुने रिपोर्ट, एक्स-रेची गुंडाळी, आणि तिला एवढंच माहितीय की "हाडाच्या डॉक्टरला दाखवायचंय". तिला केसपेपर काढून द्या, ओपीडी दाखवा, मग एक्स-रे, मग पुन्हा डॉक्टर, मग औषधाची खिडकी. असं चार-पाच पेशंटसोबत फिरलात की हॉस्पिटल कसं चालतं आणि पेशंट नेमका कुठे अडकतो ते कळतं, पुस्तकात हे येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या (सरकारी मोफत उपचारांची योजना) काउंटरपाशी बसायला मिळालं तर अजून भारी, तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे पेशंटला योजनेत मदत करणाऱ्या माणसाकडे, बघून कळेल की एका रेशन कार्डावर नाव चुकलं तर ऑपरेशन कसं लटकतं.

दुसरी, कुणाला विचारायचं तेच माहिती नसणं. डॉक्टरांच्या केबिनबाहेर ताटकळू नका, समाजसेवा विभागात जा, तिथले एमएसडब्ल्यू लोक सांगतात कुठे माणूस कमी आहे. कॉलेजात एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) असाल तर आधी प्रोग्राम ऑफिसरना भेटा, तिथे दोन वर्षांत 240 तास भरायचेच असतात, त्यांची हॉस्पिटलशी ओळख असली तर तुमचं काम सोपं होतं.

सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांना एक स्पष्ट सांगतो, एमबीबीएसची ॲडमिशन नीटच्या रँकवर होते, व्हॉलंटियरिंगचा एक मार्कही तिथे धरत नाहीत. अमेरिकेत मेडिकल स्कूलला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हे अनुभव बघतात, मग तास आणि काम पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवा.

आता वॉर्डातली चूक, ही चांगल्या मनाने होते म्हणून जास्त डेंजर. पेशंट म्हणतो, "बाळा, घोटभर पाणी दे रे." तुम्ही देता. आणि तो सकाळपासून ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला असतो! झालं, ऑपरेशन पुढे ढकललं, नातेवाईक वैतागले आणि सिस्टरांची बोलणी तुम्हाला. पाणी, बिस्कीट, उशी, काहीही द्यायच्या आधी सिस्टरांना विचारा. पेशंटला एकट्याने उठवायलाही जाऊ नका. औषधावर सल्ला तर अजिबात नाही, "माझ्या काकांना या गोळीने बरं वाटलं" हेसुद्धा नाही. आणि पेशंटसोबत सेल्फी काढून स्टेटसला टाकणारे, त्यांच्याबद्दल काय बोलायचं.

स्वतःची काळजी न घेणं हीपण चूकच. हिपॅटायटिस बीची लस आधी घ्या, तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, म्हणजे मे महिन्यात जायचं तर तयारी दिवाळीच्या आसपास सुरू. टीबी किंवा छातीच्या वॉर्डात एन-95 शिवाय जायचं नाही. पडलेली सुई दिसली तर उचलू नका, स्टाफला सांगा. रक्त बघून गरगरायला लागलं तर हिरो बनू नका, तिथेच खाली बसा, डोकं गुडघ्यात घाला, उपाशीपोटी येऊ नका.

आणि काम लागलंय पण दिवसभर नुसत्या फायलीच लावायला देतायत, तर? काही दिवस नीट करा, वेळेवर या, मग इनचार्ज सिस्टरांना दुपारी गर्दी ओसरल्यावर विचारा, मला पेशंटशी बोलायचं काम मिळेल का. सकाळी दहाच्या गडबडीत विचारलंत तर उत्तर नाहीच येणार.