घरच्या गॅरेजमध्ये एमजीबी उभी करताय? या चुका टाळा, निदान दाराखालचे सिल कापायच्या आधी तरी वाचा

माझी एमजीबी (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) रोडस्टर, म्हणजे बिनछपराची, १९७० ची, क्रोम बंपरवाली. इंग्लंडात आमच्या घराला लागून असलेल्या सिंगल गॅरेजमध्ये चार हिवाळे खपून मी ती उभी केली, आणि त्यात एक गोष्ट पक्की कळली. गंजाने केलेलं नुकसान दुरुस्त होतं हो, पण आपण घाईघाईने खोलून, कापून, बरे असलेले पार्ट फेकून जे नुकसान करतो ते निस्तरायला दुप्पट वेळ जातो. माझ्या हातून जे झालं आणि ओळखीतल्या दोन-तीन जणांच्या गाड्यांवर जे बघितलं ते सगळं इथे लिहितोय, कोणाची तरी एक गाडी वाचली तरी मला आनंद आहे.

गाडी नवशिक्यांसाठी खरंच चांगली आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० पाच लाखांवर गाड्या बनल्या, त्यामुळे जवळजवळ सगळे पार्ट आजही मिळतात, ब्रिटिश मोटर हेरिटेज तर १९८८ पासून अख्खी बॉडीशेल जुन्या डायवर (साच्यांवर) नवी बनवून देते. आणि आपल्याकडच्या लोकांना हे इंजिन अनोळखी वाटायचं कारणच नाही, कारण आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं बीएमसीचं बी-सिरीज इंजिन होतं त्याचंच हे १७९८ सीसीचं थोरलं भावंड. माझे मामा कोल्हापूरला आयुष्यभर अँबॅसिडर खोलत आले, त्यांना व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाले, "अरे हे तर आपलंच की रे!"

सिल: इथेच सगळ्यात जास्त गाड्या वाया जातात

एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हीच चॅसी. त्यातून रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम मधला टनेल (गिअरबॉक्सवरचा बोगद्यासारखा पत्रा) आणि दाराखालचे दोन सिल करतात. हा सिल म्हणजे नुसती पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली कॅसल सेक्शन नावाचा पत्रा असा मिळून तो बंद डबा होतो आणि ताकद त्या डब्यात आहे.

पहिली चूक म्हणजे वरून बघून "सिल चांगला दिसतोय" म्हणणं. माझ्या गाडीचा सिल चकचकीत होता, चुंबक लावलं तर काही ठिकाणी चिकटलं, काही ठिकाणी नाही, म्हणजे तिथे लांबी (पुटी) भरलेली. ग्राइंडरने रंग उडवला तर कळलं की आधीच्या कोणीतरी जुन्या कुजक्या सिलवर नवा कव्हर सिल तसाच वेल्ड मारून बसवलाय. तो कापला आणि आतला मधला पत्रा बोटाने दाबला तर भाजलेल्या पापडासारखा चुरा झाला, खाली जमिनीवर मूठभर गंज आणि वाळलेली माती पडली. बाहेरून आणखी दहा वर्षं कोणाला कळलं नसतं आणि गाडी मात्र रस्त्यावर फक्त टनेलच्या जिवावर चालली असती.

दुसरी चूक माझी स्वतःची. गाडी पुढे-मागे घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, डाव्या बाजूचा बाहेरचा आणि मधला पत्रा कापला, दाराच्या चौकटीत ब्रेस (आडवा आधार) लावला नाही आणि रात्र झाली म्हणून घरात गेलो. सकाळी दार लावायला गेलो तर लागेना. दाराच्या मागच्या कडेची वरची फट आदल्या दिवशी ५ मिलीमीटर होती ती अडीचवर आलेली आणि खालची तेवढीच वाढलेली, म्हणजे गाडी मध्यावर खचली होती. तशीच वेल्डिंग केली असती तर ती वाकडी गाडी कायमची झाली असती आणि दार कधीच नीट बसलं नसतं. मग मधोमध जाड लाकडी फळी देऊन जॅकने अगदी हळूहळू, थोडं उचल आणि फट मोज असं करत परत ५ वर आणलं, मग २५ मिलीमीटरच्या चौकोनी पाइपचा ब्रेस आतल्या बाजूने वेल्ड केला म्हणजे दार लावून बघता येईल, आणि ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करून दोन्ही कर्ण मोजले. त्यात पूर्ण रविवार गेला.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी दारं जागेवर ठेवूनच फटी मोजून लिहून काढा, मग पुढच्या क्रॉसमेंबरजवळ आणि मागे स्प्रिंगच्या हँगरजवळ आधार द्या, मग ब्रेस, मग एकच बाजू कापा, ती पूर्ण वेल्ड होऊन दार नीट लागल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावूच नका. आणि दोन्ही फेंडरच्या मध्ये दिसतो तेवढाच सिल बदलून थांबू नका, कारण सिल पुढच्या फेंडरच्या आत आणि मागच्या फेंडरच्या आतपर्यंत जातो आणि खरी कूज त्या झाकलेल्या टोकांनाच असते. पुढचा फेंडर बोल्टवर आहे, निघतो. मागचा वेल्ड केलेला आहे, त्याचा खालचा तुकडा कापावाच लागतो, जिवावर येतं पण पर्याय नाही.

वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि अल्टरनेटरची वायर काढा, टाकीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकीच उतरवा, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची कारण आत वाफ असते. काम झाल्यावर सिलच्या आत वॅक्स मारा, पण पाणी जायची भोकं बुजवू नका, ती बुजली की नवा सिलही आतून कुजणार.

इंजिन अडखळतंय? कार्ब्युरेटरला शेवटी हात लावा

इथे सगळेच चुकतात. गाडीला एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर दिसतात, चकचकीत, स्क्रूवाले, हात शिवशिवतात. मामांनी मला एकच वाक्य सांगितलं होतं, "आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, कार्बला शेवटी हात लाव, बाळा." (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला स्विच, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ.) मी ते ऐकलं नाही.

गाडी गार असताना मस्त सुरू व्हायची, वीसेक मिनिटं चालायची आणि गरम झाली की भस्सकन बंद, अर्धा तास थांबलं की परत सुरू. मला वाटलं पेट्रोल मिळत नाहीये. पंप बदलला, कार्बच्या नीडल आणि सीट बदलल्या, नळ्या बदलल्या, दोन महिने आणि बरेच पौंड गेले. शेवटी बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला जुना कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा विजेचा पार्ट) सहज लावून बघितला आणि गाडी तासभर चालली. नवा बसवलेला कंडेन्सर गरम झाला की मान टाकत होता. नवीन बनावटीचे कंडेन्सर आणि रोटर आर्म बऱ्याचदा असे निघतात, तेव्हा जुना चालू असलेला पार्ट कधीच फेकू नका, चिठ्ठी लावून ठेवा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून गाडी चालवून बघा, नाहीतर कशाने बरं झालं तेच कळत नाही.

टॅपेटला १५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) म्हणजे ०.३८ मिलीमीटर गॅप. नऊचा नियम लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला ॲडजस्ट करायचा, सातवा उघडला की दुसरा, बेरीज नेहमी नऊ. पॉइंटची गॅप १५ थाऊच्या आसपास, प्लगची २५ थाऊ, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि डिस्ट्रिब्युटरचा रोटर उलटा म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरतो, प्लगच्या वायरी लावताना हे विसरलं की गाडी खोकत राहते.

पेट्रोल येतंय की नाही ते पंपच सांगतो. चावी फिरवली की मागून टकटक यायला पाहिजे आणि कार्बचे बाऊल भरले की थांबायला पाहिजे. थांबतच नसेल आणि पेट्रोल येत नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा पंपाच्या आधी कुठेतरी हवा ओढतोय. इंजिन बंद असताना चावी नुसती चालू ठेवली आणि अधूनमधून एखादी टक येत राहिली तर फ्लोटच्या नीडलमधून पेट्रोल गळतंय. टकच येत नसेल तर पंपाच्या आतले पॉइंट जळालेत, तात्पुरतं हलकं ठोकलं तर सुरू होतो. आणि ॲक्सिलरेटर दाबल्या दाबल्या गाडी गुदमरत असेल तर आधी कार्बच्या डॅशपॉटमधलं (वरच्या नळकांड्यातलं) तेल बघा, ते आटलेलं असतं आणि लोक उगाच मिक्श्चर फिरवत बसतात.

वायरिंगला शिव्या देण्याआधी

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगला लोक नावं ठेवतात पण पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये बहुतेक वेळा वायर चांगली असते, बुलेट कनेक्टर (वायरी जोडणारी गोळीसारखी टोकं) आणि अर्थिंग कुजलेलं असतं. एक दिवस काढून प्रत्येक बुलेट साफ करा, इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा, मग बघा किती दिवे आपोआप उजळतात ते. रंग पाठ करा: तपकिरी म्हणजे कायम करंट, पांढरी चावीवर, हिरवी चावीवर पण फ्यूजमधून, काळी अर्थ. जुन्या ब्रिटिश ३५ अँपिअरच्या फ्यूजची सलग सहन करायची क्षमता १७ अँपिअर असते, तिथे आजचा ३५ चा लावला तर फ्यूजच्या आधी वायर जळते. आणि १९६७ च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, आजचा रेडिओ तसाच जोडला तर क्षणात गेला.

पाने, तेल आणि ब्रेक

भारतातून आणलेला मिलीमीटरचा पान्यांचा सेट ह्या गाडीवर वापरू नका. अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलीमीटर, त्यावर १३ चा पाना बसतो असं वाटतं, पण गंजलेल्या नटवर जोर लावला की कोपरे गोल. ७/१६, १/२, ९/१६ एवढे तीन चांगले इंची पाने घेतले तरी अर्धी गाडी खोलता येते.

गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल घालायची चूक फार होते. ह्या मॅन्युअल गिअरबॉक्सला आणि ओव्हरड्राइव्हला इंजिनचंच २०डब्ल्यू-५० लागतं, ईपी ९० हे गिअर ऑइल फक्त मागच्या ॲक्सलला. क्लच बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं, एवढा खटाटोप केलाच तर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि ग्राफाइटचं रिलीज बेअरिंग तिन्ही बदला, एक वाचवायला जाऊ नका.

जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती हवेच्या पाइपने कधीही उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा. ब्रेकचं डॉट ४ ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. सस्पेन्शनचे रबर बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा, हवेत आवळले तर खाली उतरताच रबर पिळतं आणि वर्षभरात फाटतं.

पेट्रोलचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) झालं, जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडून फुटतात आणि खाली गरम एक्झॉस्ट असतो. मी ई५ च घालतो आणि सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आर९ दर्जाच्या टाकल्यात. भारतात असाल तर पंपावर ई२० येतंय, तिथे हे पहिल्याच दिवशी करा. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी हेडमध्ये व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवायच्या म्हणून मात्र चांगलं चाललेलं हेड खोलू नका, कधी दुसऱ्या कारणाने खोललं तर करून घ्या.

तारांची चाकं असतील तर

इथे चूक झाली तर जीव जाऊ शकतो. वायर व्हीलच्या गाडीत उजव्या बाजूच्या हबला डावे आटे असतात आणि डाव्या बाजूला उजवे, म्हणजे चाक चालताना मधला मोठा नट आपोआप आवळत जातो. ॲक्सल खोलून जोडताना हब इकडचे तिकडे झाले तर तोच नट चालताना सैल होत जातो. खोलायच्या आधी हबवर रंगाने डावा-उजवा लिहून ठेवा. हबच्या दातांना ग्रीस लावा, दात झिजून टोकदार झाले असतील तर हब आणि चाक दोन्ही बदला, नव्या हबवर जुनं चाक चढवलं तर नव्याचेही दात खाल्ले जातात.

चाळीस वर्षांवरच्या, फारसे फेरफार न केलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये २०१८ पासून एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) लागत नाही, तरी मी पहिल्यांदा रस्त्यावर काढायच्या आधी स्वतःहून करून घेतली, कारण आपलं काम दुसऱ्याच्या डोळ्याला दाखवलेलं बरं. मग पहिले पन्नास मैल चालवून थांबलो आणि चारही नट तांब्याच्या हातोडीने परत ठोकले. दोन अजून थोडे फिरले. हातोडी डिकीत टाकूनच निघा.