ई-२० पेट्रोल आणि जुनी बाईक: या चुका टाळा

पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून गॅरेजवर त्याच त्या तक्रारी येतात. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांच्या मालकांसाठी हे लिहितोय.

ऑक्टेन वाढलं म्हणजे ॲव्हरेज वाढणार, हा समज आधी काढा. साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० हे ९५ चं आहे. पण जास्त ऑक्टेनचं पेट्रोल दाबाखाली सहजासहजी आपोआप पेटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. फायदा होतो तो जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला. तुमच्या जुन्या शंभर सीसीला नाही. शिवाय लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. साठची गाडी चाळीसवर आली असेल तर आधी एअर फिल्टर उघडा, ब्रेक घासतोय का बघा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: अर्ध्या टाकीने गाडी पावसाळाभर उघड्यावर ठेवणं. गणपतीच्या तोंडावर एक काका अशीच गाडी ढकलत घेऊन आले. चालू व्हायची, मिसिंग मारायची, बंद पडायची. दुसरीकडे प्लग, कॉइल, बॅटरी सगळं बदलून झालं होतं. कार्बोरेटरचा बाऊल, म्हणजे त्याच्या खालची पेट्रोल साठणारी वाटी, कुणी उघडलाच नव्हता. मी टाकीच्या कॉकखाली (पेट्रोलच्या तोटीखाली) काचेची बाटली धरली. थोड्या वेळात तळाशी वेगळा थर बसला. टाकीच्या झाकणाचा रबर फाटला होता आणि तिथून पाणी आत जात होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पण प्रमाणाबाहेर पाणी झालं की त्याच्यासकट तळाला बसतं. कॉक पेट्रोल घेतो तो तळातूनच! वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरलेलं असतं. वरून ताजं पेट्रोल ओतून भागवू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, बाऊल धुवा, झाकणाचा रबर बदला. गाडी उभीच राहणार असेल तर मी टाकी फुल करून ठेवतो, म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही.

व्हिडिओ बघून कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) मोठा करू नका. आधी प्लगचा रंग बघा, पांढराफटक असेल तरच मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, असल्याचा संशय घ्या.

पेट्रोलचा पाइप फुगला किंवा चिकट झाला तर तुकडा कापून जोडू नका, इथेनॉल चालणारा नवा पूर्ण पाइप टाका. बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईचं रबरी टोकही त्याच वेळी तपासा, बाऊल ओव्हरफ्लो होतो तो बहुतेकदा तिथूनच.