निघायच्या तारखेपासून मागे मोजा

व्हिसा हातात पडला की घरात सामानाची गडबड सुरू होते आणि डॉक्टरांकडे जाणं शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मीही तसंच केलं होतं. म्हणून इथे परदेशात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच सांगते, की निघायच्या तारखेच्या निदान ६ आठवडे आधी लसींसाठी डॉक्टरांना भेटा.

दोन डोसांमधलं अंतर तुमच्या घाईने कमी होत नाही. गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचे दोन डोस घ्यायचे तर मध्ये किमान २८ दिवस जावे लागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस साधारण ६ महिन्यांत पूर्ण होतात, त्यामुळे रुग्णालयात काम किंवा शिक्षण असेल तर प्रवेश नक्की होताच पहिला डोस घ्या. पीतज्वराची (यलो फीवरची) लस मोजक्याच देशांसाठी लागते, पण तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरतात. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं, तेव्हा पासपोर्टसोबतच ठेवा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. गोवर-रुबेलाची लस गरोदरपणात देत नाहीत.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो कागदाचा. लहानपणी सगळ्या लसी घेतल्या होत्या, पण कार्ड हरवलेलं. पुरावा नाही म्हणून इथे आल्यावर सगळे डोस पुन्हा घ्यावे लागले, तेही परीक्षेच्या दिवसांत. तुमचं कार्ड सापडत नसेल तर गोवर, रुबेला, कांजिण्या यांच्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) रक्ततपासणी पुरावा म्हणून चालेल का, हे जिथे जाणार तिथे विचारून घ्या. नव्या प्रत्येक लसीची तारीख, बॅच नंबर आणि शिक्का मागून घ्या.

नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. तेही देशागणिक बदलू शकतं: पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्यांवर काही देशांत कडक बंधनं आहेत, म्हणून दूतावासाच्या संकेतस्थळावर यादी बघा. दात आणि चष्मा निघण्याआधीच दाखवा. आरोग्य विम्यात पुष्कळदा दोन्ही नसतात.

अजून एक, जे काही वर्षं इथे राहिल्यावर उपयोगी पडेल. मलेरिया असलेल्या भागातून तुम्ही आला असाल, तर तिथे असताना अंगात आलेली थोडीफार प्रतिकारशक्ती बाहेर राहून ओसरते. सुट्टीत परत जाताना ‘आपलीच हवा’ म्हणून गाफील राहू नका, मलेरिया टाळायच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तिथून इथे परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.