ग्रॅनाइटच्या चुंबकत्वावरून शिलारसाची वाट कशी शोधावी

साध्या डोळ्यांना ग्रॅनाइट चहूबाजूंनी सारखाच दिसतो. पण शिलारस सरकताना त्यातलं कृष्णाभ्रक आणि मॅग्नेटाइटचे कण एका दिशेला वळतात, आणि त्यामुळे क्षीण चुंबकीय क्षेत्राला खडक दिशेनुसार कमीजास्त प्रतिसाद देतो. हा प्रतिसाद, म्हणजे ससेप्टिबिलिटी, तीन अक्षांवर मांडतात. सर्वांत मोठा के१ म्हणजे खनिजांची रेषा, मधला के२; सर्वांत लहान के३ ला काटकोनात असतं ते त्यांचं प्रतल.

नमुना ताज्या, जागच्या खडकातूनच घ्या. गडगडत आलेला धोंडा कितीही देखणा असला तरी नको. हातड्रिलला २५.४ मिमी आतल्या व्यासाचं हिऱ्याचं बिट लावा, पाणी सतत सोडा. एका ठिकाणी काही मीटर अंतराने तीन-चार कोअर, म्हणजे खडकाचे दंडगोल, पुरतात. कोअर मोडण्याआधी त्याची दिशा आणि कल नोंदवून त्यावर रेघ मारा. मॅग्नेटाइट भरपूर असेल तर होकायंत्र भरकटतं, तिथे सूर्याच्या सावलीवरून दिशा सांगणारा सूर्यकंपास वापरा. दिक्पाताची (होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या कोनाची) दुरुस्ती वहीत एकदा आणि सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा, अशी चुकून दोनदा केली जाते. ही चूक नकाशावर सहसा लक्षातही येत नाही.

कोअरचे २२ मिमी उंचीचे तुकडे कापा. या मापाला तुकड्याच्या आकारामुळे खोटी दिशा उमटत नाही. करवतीचे लोखंडी कण घासून, धुऊन काढा, नाहीतर फिक्या ग्रॅनाइटमध्ये तेच मोजले जातील.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट: हा प्रतिसाद नेमकं कोणतं खनिज देतंय? सरासरी ०.०००५ एसआयच्या खाली असेल तर बहुधा कृष्णाभ्रक. त्याच्या दहापट किंवा अधिक असेल तर मॅग्नेटाइट. खात्रीसाठी थोडी पूड तापवा. ५८० अंश सेल्सिअसला आकडा धाडकन कोसळला तर मॅग्नेटाइट आहेच. अतिसूक्ष्म, एकच चुंबकीय क्षेत्रखंड असलेल्या मॅग्नेटाइटमध्ये के१ आणि के३ यांची अदलाबदल होते, टूरमलीन हे खनिजही तसंच फसवतं. प्रतल ग्रॅनाइट आणि शेजारच्या खडकाच्या सीमेला आडवं छेदताना दिसलं, तर आधी हीच शंका घ्या. के१ आणि के२ यांची विश्वासवर्तुळं (दिशेतली अनिश्चितता दाखवणारी वर्तुळं) एकमेकांत मिसळत असतील तर रेषा सोडा, फक्त प्रतल वापरा.

नकाशावर जिथे रेषा ६० अंशांहून उभ्या होतात, तिथे खालून पुरवठ्याची वाट असण्याची शक्यता असते. आडव्या रेषा म्हणजे शिलारस बाजूला पसरला असावा. कडेला समांतर फिरणारी प्रतलं शिलारसाच्या शेवटच्या फुगवट्याकडे बोट दाखवतात. रेषा ग्रॅनाइट ओलांडून शेजारच्या खडकाच्या कलाशी जुळत असतील, तर तो ठसा प्रादेशिक दाबाचा असू शकतो.

म्हणून प्रत्येक ठिकाणचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. क्वार्ट्झ बारीक कणांत फुटून नव्याने स्फटिकला असेल, अभ्रक मुडपलं असेल, तर खडक घट्ट झाल्यानंतर ताणला गेला. तिथली रेषा प्रवाहाची मानू नका. आणि के१ ला बाणाचं टोक नसतं: शिलारस त्या रेषेवर सरकला एवढंच कळतं, कुठून कुठे ते नाही. त्यासाठी गुरुत्वमापनातून ग्रॅनाइटचा तळ कुठे सर्वांत खोल जातो ते पाहावं लागतं.