साठीनंतरचं स्की टूरिंग

साठी ओलांडल्यावर आल्प्समध्ये स्की टूरिंगला (स्कीवरूनच डोंगर चढून मग घसरत उतरायला) जाणार असाल, तर चढाचा वेग श्वासावरून ठरवा. सोबत्याशी सलग वाक्यात बोलता येईना की वेग कमी करा. स्की उचलू नका, बर्फावरून सरकवत न्या. दिवसभरात खूप शक्ती वाचते. माथ्यावर काढलेल्या स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायच्या पट्ट्या; पूर्वी त्या खरंच सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या किंवा नायलॉनच्या) जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवा. गारठलेला गोंद पुढच्या चढाला नीट चिकटत नाही. उताराला मांड्यांचा कस लागतो, म्हणून दोन महिने आधीपासून जिना अगदी सावकाश उतरायचा सराव करा. आणि रात्री गिर्यारोहणाची पुस्तकं वाचताना शेजारी नकाशाही उघडा ठेवा. 30 ते 45 अंशांचे उतार आधीच हेरून ठेवा, हिमस्खलन बहुतेकदा तिथेच होतं.