पर्यावरण जनसुनावणी: गावाची बाजू फायलीत पोचतच नाही, त्या चुका टाळा

चुनखडीची खाण, सिमेंट कारखाना, औष्णिक वीज प्रकल्प किंवा बंदर गावाजवळ येणार असेल, तर पर्यावरण मंजुरीआधी लोकांचं म्हणणं ऐकून घेणं सरकारवर बंधनकारक आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरण आघात मूल्यांकन) अधिसूचनेनं हा हक्क दिला. ज्यांच्या पिकावर धूळ बसणार, ज्यांच्या विहिरीचं पाणी उतरणार, त्यांना प्रकल्प उभा राहण्याआधी सरकारी नोंदीत बोलता येतं ते इथेच. तरीही होतं असं, की मंडपात आवाज चढतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि मंजुरीची शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ समितीपुढे जाणाऱ्या कागदांत गावाचा एकही मुद्दा धड उतरलेला नसतो. मंजुरी मात्र त्या कागदांवरच होते.

सुनावणी लागते की नाही, हेच न पाहणं

सगळ्या प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. ‘ब-२’ गटातले, म्हणजे ज्यांना ईआयए अहवाल लागत नाही असे प्रकल्प, इमारती आणि टाउनशिप, तसंच आधीच पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने यातून वगळलेले आहेत. अशा ठिकाणी ‘सुनावणी का घेत नाही’ म्हणून आंदोलन करण्यात महिने जातात आणि तोवर मंजुरी निघते. केंद्राच्या परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाका, गट कोणता ते पाहा. सुनावणी नसेल तर राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला आणि त्याच्या तज्ज्ञ समितीला थेट लेखी म्हणणं पाठवा.

परिवेशवर कंपनीचा मूळ अर्जही मिळतो. जवळ जंगल, नदी, अभयारण्य आहे का, हे कंपनीनं स्वतः त्यात लिहून दिलेलं असतं. ते बारकाईनं वाचा. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१९ मध्ये स्थगित ठेवली, त्यामागे याच अर्जात आवश्यक माहिती न देणं हे एक मोठं कारण होतं. जानेवारी २०२० मध्ये जादा अटींसह स्थगिती उठली.

नोटिशीचे ३० दिवस वाया घालवणं

सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात येते, आणि सूचना किमान ३० दिवसांची असावी लागते. ही मुदत २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव २०२० च्या मसुद्यात होता. तो मसुदाच राहिला, त्यामुळे कुणी ‘आता २० दिवस’ म्हणालं तर ऐकू नका. जाहिरातीचं अख्खं पान तारखेसह जपून ठेवा. मुदत कमी पडली असेल तर तो तुमचा पहिला लेखी आक्षेप.

ईआयए अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित स्थानिक संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात ठेवलेला असतो. सारांश मराठीतही असावा लागतो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत न मिळाल्याची गावकऱ्यांची तक्रार होती. अशी तक्रार सुनावणीच्या दिवशी तोंडी केली की विरून जाते. जाहिरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांनी कार्यालयात जावं, अहवाल मागावा, आणि ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच अर्ज लिहून आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घ्यावी.

सारांशावर थांबणं

सारांश दहा-पंधरा पानांचा असतो आणि त्यात सगळं छान असतं. खरी माहिती पूर्ण अहवालात असते. तो शेकडो पानांचा असला तरी सगळा वाचायची गरज नाही. प्रकरण ३ (सध्याची पर्यावरणस्थिती), प्रकरण ४ (अपेक्षित परिणाम) आणि प्रकरण १० (पर्यावरण व्यवस्थापन आराखडा) ही तीन घ्या. गावातले विज्ञान शिक्षक, कॉलेजची मुलं यांच्यात वाटून घेतली तर आठवड्यात हातावेगळी होतात.

प्रकरण ३ मध्ये चार गोष्टी तपासा.

हवेचे नमुने कुठे घेतले, त्याचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. ते मोबाइलच्या नकाशात टाका. त्या हंगामात वारा ज्या दिशेनं वाहतो त्या बाजूच्या गावात एकही केंद्र नसेल, तर अभ्यासाचा पायाच कच्चा आहे.

नमुने कोणत्या महिन्यांत घेतले? साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते, पण ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

आकड्यांकडेही नीट बघा. पीएम १० ची (हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांची) २४ तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. समजा, अहवालात आजची पातळी ८८ आणि प्रकल्पाची भर ९ दाखवली आहे. बेरीज ९७, म्हणजे मर्यादेत. पण शेजारच्या मंजूर झालेल्या, अजून सुरू न झालेल्या दोन खाणींची धूळ त्यात धरली आहे का? हा प्रश्न बहुतेक सुनावण्यांत कुणी विचारतच नाही.

आणि पाणी. अभ्यासक्षेत्र साधारण १० किलोमीटर त्रिज्येचं असतं. त्यातले ओढे, पाझर तलाव, नळपाणी योजनेच्या विहिरी अहवालात आहेत का, ते गावनकाशाशी ताडून पाहा. आपल्या विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ग्रामपंचायतीमार्फत तपासून घ्या. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल सहजासहजी खोडता येत नाही, आणि पुढे पाणी बिघडलं तर आधीचं पाणी कसं होतं याचा पुरावाही तोच.

‘आमचा प्रकल्पाला तीव्र विरोध आहे’

एवढ्या एका ओळीच्या निवेदनावर कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: ‘सर्व नियमांचे पालन केले जाईल.’ विषय तिथेच संपतो. हरकत अशी लिहा की तिला उत्तर देताना कंपनीला आकडा किंवा कागद द्यावाच लागेल. नमुन्यादाखल:

‘प्रकरण ३, पान ११२: प्रकल्पक्षेत्रात फक्त “हंगामी नाला” दाखवला आहे. प्रत्यक्षात गट क्र. ४५ मधला ओढा मे महिन्यापर्यंत वाहतो. त्यावर दोन कोल्हापुरी बंधारे आणि गावाच्या नळपाणी योजनेची विहीर आहे. सोबत: तारीख व स्थानासह फोटो, सातबारा उतारा, योजनेबाबत ग्रामपंचायतीचा दाखला. मागणी: ओढ्याचा प्रवाह आणि विहिरीची पातळी मोजून जलशास्त्रीय अभ्यास पुन्हा करावा; तोवर मंजुरीची शिफारस करू नये.’

पान, चूक, पुरावा, मागणी. एका कागदावर एकच विषय ठेवा, म्हणजे कंपनीला सोपा मुद्दा उचलून अवघड मुद्दा सोडून देता येत नाही.

एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स प्रतींवर सह्या घेऊन दिल्या तर इतिवृत्तात त्यांचा एकच मुद्दा होतो. त्यापेक्षा वीस माणसांनी वीस वेगळ्या हरकती द्याव्यात: मेंढपाळानं चराईच्या वाटेबद्दल, मच्छीमारानं जाळं टाकायच्या जागेबद्दल, आशा ताईनं गावातल्या दम्याच्या रुग्णांबद्दल, शाळेनं डंपरच्या रस्त्याबद्दल. भूमिहीन आणि पाणी भरणाऱ्या बाया यांची नावं सातबाऱ्यावर नसतात, म्हणून अहवालात त्यांचं नुकसानही नसतं. त्यांची हरकत आधी लिहून घ्या.

लेखी हरकत देताना पोच घेतली नाही तर ती दिलीच नाही असं समजा. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात हातोहात द्या, दुसरी प्रत स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

नोकऱ्या आणि सभामंडप मागून मोकळं होणं

सुनावणीत पहिला माणूस उठतो आणि विचारतो, ‘गावातल्या किती पोरांना घेणार?’ दुसरा समाजमंदिर मागतो. रोजगार मागण्यात गैर काही नाही, पण तेवढंच नोंदलं गेलं तर इतिवृत्त वाचणाऱ्याला गाव राजी आहे असं वाटतं. पर्यावरण मंत्रालयाच्या ३० सप्टेंबर २०२० च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार सुनावणीत दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात यायला हवीत. त्यामुळे प्रत्येक आश्वासनाला लगेच चार प्रश्न विचारा: काम नेमकं काय, रक्कम किती, कोणत्या महिन्यापर्यंत, जबाबदार कोण? ‘रस्त्यावर पाणी मारू’ हे आश्वासन नव्हे. किती टँकर, दिवसातून किती वेळा, पाणी कुठून आणणार, हे नोंदवून घ्या. पाणी गावच्याच बंधाऱ्यातून उचलणार असतील, तर ते तेव्हाच कळू दे.

बहिष्कार घालून निघून जाणं

सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. गाव उठून गेलं तरी उरलेल्या मूठभर लोकांवर ती पूर्ण होऊ शकते. एकदा ठरलेली तारीख आणीबाणीची परिस्थिती असल्याशिवाय बदलत नाही, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीनंच. निषेध म्हणून बहिष्कार घालायचाच असेल तर त्याची कारणं आणि सगळ्या हरकती लेखी देऊन, पोच घेऊन मग बाहेर पडा.

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हादंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असावा लागतो. त्याखालचा अधिकारी बसला असेल तर सुरुवातीलाच आक्षेप नोंदवा. हजेरीपटावर सही करा. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं, म्हणून बोलताना नाव, गाव आणि हरकतीचा आवक क्रमांक माइकवर सांगा. तिघं जण एकाच वेळी बोलले तर चित्रफितीत काहीच ऐकू येत नाही.

ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव असं धरून चालणं

सरपंच-सदस्यांच्या मासिक सभेत दिलेला ‘ना हरकत’ दाखला कंपनी गावाची संमती म्हणून पुढे करते. ग्रामसभेचं स्थान वेगळं. तिला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेची अट याहून कडक आहे: निम्मे सदस्य हजर, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ठराव कितीही जोरकस असला तरी हजेरीपट अपुरा असेल तर पहिल्या आक्षेपालाच तो पडतो. ठरावाची साक्षांकित प्रत हजेरीपटासह सुनावणीत द्या.

शेवटच्या अर्ध्या तासाला घरी जाणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते. सुनावणी संपताना इतिवृत्त मराठीत वाचून दाखवणं नियमानं बंधनकारक आहे, आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही व्हावी लागते. तोवर उन्हातून, लांबून आलेली माणसं जेवायला गेलेली असतात. किमान दहा जणांनी थांबायचंच, असं आदल्या दिवशी ठरवा. प्रत्येकाकडे हरकतींची यादी असू द्या. वाचन चालू असताना खूण करत जा, आणि राहिलेला मुद्दा तिथल्या तिथे घालायला लावा. नकार मिळाला तर तो नकारच कागदावर लिहून अध्यक्षांकडे द्या.

इतिवृत्तासोबत ‘लोकांचे मुद्दे आणि अर्जदाराचं उत्तर’ असं विवरण जोडलेलं असतं. प्रदूषण नियंत्रण मंडळ आठ दिवसांत हे सगळं पुढे पाठवतं आणि संकेतस्थळावरही टाकतं. रोज पाहत राहा. मुद्दा गाळला असेल किंवा बोथट करून लिहिला असेल, तर लगेच मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला दुरुस्तीचं पत्र पाठवा आणि मूळ हरकतीची पोच जोडा. चित्रफीत माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. ‘प्रकल्पाची सर्व कागदपत्रे द्यावीत’ असा अर्ज केला तर तो फेटाळला जातो किंवा लांबतो.

मंजुरी कधी निघाली हे न कळणं

तज्ज्ञ समितीची कार्यसूची परिवेशवर येते. बैठकीआधी समितीला दोन पानांचं पत्र पाठवा: कोणत्या पाच हरकतींना उत्तर मिळालं नाही, एवढंच. दक्षिण गोव्यातल्या खाणीबाबतच्या उत्कर्ष मंडळ खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्पष्ट केलं, की समितीनं लोकांच्या हरकतींचा विचार कसा केला याची कारणं नोंदवली पाहिजेत. समितीच्या इतिवृत्तात तुमच्या ठोस हरकतीवर अवाक्षर नसेल, तर अपिलाचा तो भक्कम मुद्दा होतो.

मंजुरी मिळाल्यावर कंपनीला सात दिवसांत स्थानिक वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते आणि पंचायतीला प्रत पाठवावी लागते. पंचायतीनं ती ३० दिवस फलकावर लावायची असते. राष्ट्रीय हरित लवादात अपील करायची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. मुदत पहिल्यांदा जाहीर झालेल्या तारखेपासून मोजली जाण्याची शक्यता धरा, ‘आम्हाला उशिरा समजलं’ यावर विसंबू नका. महाराष्ट्रासाठी लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये. जाहिरात, पोच, हजेरी, इतिवृत्त आणि चित्रफीत एकाच फायलीत तारखेप्रमाणे लावलेली असतील, तर वकिलाला पहिल्या बैठकीतच मसुदा सुरू करता येतो.

अपील केलं नाही तरी पाठपुरावा सोडू नका. दर १ जून आणि १ डिसेंबरला कंपनीला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. मंजुरीपत्रातल्या अटी मराठीत लिहून चावडीवर लावा. मोडलेली अट तिच्या क्रमांकासह, फोटो आणि तारखेसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि केंद्रीय मंत्रालयाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाला कळवा.