आवाज बसला तर: आधी स्वरयंत्र पाहा, मग गोळी घ्या

एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात आवाज बसायला फार काही लागत नाही. रात्रभर तोंडावर कूलर, दिवसा उन्हातून आल्यावर बर्फाचं पाणी, त्यात लग्नाच्या वरातीत डीजेवर मात करून मारलेल्या गप्पा. असा बसलेला आवाज बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत आपोआप सुटतो. प्रश्न न सुटणाऱ्या आवाजाचा आहे. तिथे होणारी चूकही ठरलेली: आधी अँटिबायोटिक, मग ॲसिडिटीची गोळी, मग दुसरं अँटिबायोटिक. स्वरयंत्र मात्र कुणी पाहिलेलंच नसतं.

किती दिवस थांबायचं

सर्दी-खोकल्यासोबत आवाज गेला असेल तर दोन आठवडे थांबायला हरकत नाही. हा आजार बहुधा विषाणूंचा असतो आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर काही परिणाम होत नाही. तीन आठवडे उलटूनही घोगरेपणा तसाच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कारण कळो न कळो, चौथा आठवडा संपायच्या आत स्वरयंत्र पाहिलं गेलंच पाहिजे.

काही जणांनी तेवढंही थांबू नये. विडी-सिगारेट ओढणारे, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे, मानेत गाठ लागलेले, कानात काही दोष नसताना एकाच कानात दुखणारे, थुंकीत रक्त दिसलेले, आणि थायरॉईडच्या, मानेच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदललेले. छातीचा आवाजाशी काय संबंध, असं वाटेल. स्वरयंत्रातल्या डाव्या स्वरतंतूला हलवणारी मज्जातंतू मेंदूकडून निघून थेट घशात येत नाही. ती छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. या वाटेवर कुठेही दाब आला की स्वरतंतू लुळा पडतो. म्हणून कधी कधी आवाजाचं कारण छातीच्या सीटी स्कॅनमध्ये सापडतं.

श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा स्वतःची लाळही गिळता येत नसेल तर ओपीडीची वेळ पाहू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा.

जाण्याआधी घरी काय करायचं

खोलीतला पंखा आणि कूलर बंद करा. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर धरून रेकॉर्डिंग लावा. वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद नेहमीच्या आवाजात वाचा. मग खोल श्वास घेऊन सहज सुरात ‘आ’ धरा आणि तो किती सेकंद टिकतो ते मोजा. असं तीनदा करून सगळ्यांत मोठा आकडा लिहून ठेवा. निरोगी प्रौढ माणसाचा ‘आ’ साधारण १५ ते २५ सेकंद टिकतो. तो १० सेकंदांच्या आतच संपत असेल तर स्वरतंतू नीट जुळत नसल्याची शक्यता असते. मात्र दमेकऱ्याचाही श्वास लवकर संपतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान करू नका. आठवड्यातून दोन दिवस, सकाळी एकदा आणि रात्री एकदा, हेच रेकॉर्डिंग करा. सकाळी घोगरा आणि दिवसभरात सुटत जाणारा आवाज वेगळं सांगतो, सकाळी ठीक पण संध्याकाळी बसणारा वेगळं. दुसरा प्रकार शिक्षकांत आणि कळमन्याच्या बाजारात दिवसभर बोली पुकारणाऱ्यांत नेहमीचा.

सोबत चालू औषधांची यादी न्या. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडने आवाज बसतो, कधी घशात बुरशीही धरते. पंपाला स्पेसर (औषध धरून ठेवणारी पोकळ नळी) लावणं आणि औषध घेतल्यावर चूळ भरून थुंकणं, एवढ्यानेही अनेकांना फरक पडतो. पंप मात्र स्वतःहून बंद करू नका.

गुळण्यांबद्दलही इथेच सांगायला हवं. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, पण ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तर जोराचा ठसका लागेल. खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचा रसही अन्ननलिकेच्या वाटेने जातो, श्वासनलिकेच्या नाही. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं, हे बीपीच्या रुग्णांनी विसरू नये. स्वरतंतूंना थेट लागते ती श्वासातली वाफ, आणि तीही साध्या पाण्याची. बाम घालायची गरज नाही.

तपासणीत काय होतं

१८५४ साली मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे चालते स्वरतंतू पाहिले. आजची तपासणी त्याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती आहे. एका प्रकारात डॉक्टर जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढतात, तोंडातून कडक दुर्बीण घालतात आणि ‘ई’ म्हणायला सांगतात. दुसऱ्या प्रकारात नाकातून बारीक, लवचीक दुर्बीण जाते. दोन्ही तपासण्या ओपीडीत बसल्या बसल्या, काही मिनिटांत होतात. उमासा येतो तो बहुधा श्वास रोखून धरल्यामुळे, म्हणून तोंडाने हळूहळू श्वास चालू ठेवा. बधिर करणारा फवारा मारला असेल तर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे तासभर तरी, चहासुद्धा नको. बधिर घशातून घोट श्वासनलिकेत उतरू शकतो.

आपल्याकडे एक अडचण हमखास येते. वर्षानुवर्षं पानठेल्यावरचा खर्रा खाऊन गालांच्या आतली कातडी आखडते आणि तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांच्या फटीत घालून पाहा. ती जात नसतील तर आधीच सांगा, म्हणजे नाकातून दुर्बीण घालता येईल. आणि त्या आखडलेल्या तोंडाचीही तपासणी त्याच दिवशी करून घ्या. ती कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था आहे.

पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला सव्वाशेच्या आसपास कंप पावतात, स्त्रियांचे दोनशेच्या. हा वेग डोळ्यांना टिपता येत नाही. स्ट्रोबोस्कोपीत कंपनांच्या वेगापेक्षा किंचित वेगळ्या गतीने प्रकाश चमकवतात, त्यामुळे तंतू संथपणे हलताना दिसतात आणि कुठला भाग ताठर आहे ते कळतं. नुसत्या दुर्बिणीतून तंतू ठीक दिसत असूनही आवाज खराबच असेल तर ही तपासणी कुठे होते ते विचारा. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहेत.

स्वरतंतूवरच उगवलेला कर्करोग आवाज लवकर बिघडवतो आणि लवकर सापडला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. त्याच्या वर किंवा बाजूला उगवलेला मात्र आवाजाला बराच काळ हात लावत नाही. तो कानदुखीने किंवा मानेतल्या गाठीने उघड होतो. वरच्या यादीत कान आणि मान आहेत त्या यासाठी.

ॲसिडिटीच्या गोळीचं काय

घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं, आवाज जड होतो. याला सरसकट ‘घशाशी आलेलं ॲसिड’ ठरवून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. २०२१ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घशाची अशी तक्रार असलेल्या ३४६ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला लॅन्सोप्राझोल हे ॲसिड कमी करणारं औषध ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, असं १६ आठवडे चाललं. शेवटी दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडलेला आढळला. छातीत जळजळ आणि तोंडात आंबट पाणी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ही औषधं खरोखर काम करतात. पण ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. जेवून झाल्यावर घेतलेली गोळी निम्मी वाया जाते.

गोळीबरोबर, किंबहुना गोळीआधी, हे करा. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा. सावजीच्या झणझणीत रश्श्यावर ताव मारायचाच असेल तर दुपारी मारा. सकाळच्या पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घेण्याआधी आदल्या रात्रीची जळजळ आठवा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट मुडपतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपा.

घास अडकत असेल तर

कुठला घास अडकतो ते आधी बघा. सुरुवातीला भाकरी, मग मऊ भात, मग पातळ वरण, अशी पायरी-पायरीने अडचण वाढत गेली तर अन्ननलिका अरुंद होत चालल्याचा संशय घ्यायचा आणि एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहणं) लांबवायची नाही. पहिल्यापासून पाणी आणि भाकरी दोन्ही सारखंच अडकत असेल तर नळीच्या हालचालीतच दोष असू शकतो. त्यासाठी बेरियमचं पांढरं द्रावण पाजून काढलेला एक्स-रे आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजणं) लागते. गिळताच ठसका लागत असेल तर दोष बहुधा घशाच्या पातळीवर असतो. तिन्ही प्रकारांत वजन किती महिन्यांत किती उतरलं, हा आकडा डॉक्टरांना हवा असतो.

एंडोस्कोपीआधी सहा ते आठ तास पोट रिकामं ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, विचारा. मोठ्या रुग्णालयात कुणी एखाद्या संशोधनात सहभागी व्हाल का असं विचारलं, आणि ती औषधाची चाचणी असेल, तर सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा, मराठीतलं संमतिपत्र घरी नेऊन वाचा. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

आवाज परत आणण्याचा व्यायाम

स्वरतंतूंवरच्या गाठींना, म्हणजे ओरडून पडलेल्या घट्ट्यांना, पहिला उपाय शस्त्रक्रिया नसून स्पीच थेरपी असतो. त्यातला हा व्यायाम सोपा, पण दुर्बीण झाल्यावरच सुरू करा.

अर्ध्या भरलेल्या पेल्यात स्ट्रॉ पाण्याखाली दोन-तीन सेंटिमीटर बुडवा. ओठ घट्ट मिटून स्ट्रॉमधून हलकेच ‘ऊ’ म्हणा. बुडबुडे अखंड आले पाहिजेत. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग तोच ‘ऊ’ खालच्या सुरातून वरच्या सुराकडे सरकवत न्या. बुडबुडे तुटत असतील तर श्वास कमी पडतोय. मध्येच नाक चिमटीत धरून पाहा. आवाज बदलला तर हवा नाकातून निसटत होती. मानेच्या शिरा ताठ दिसल्या तर जोर घशातून लागतोय, स्ट्रॉ थोडी वर घ्या. घसा दुखला की थांबा.

आणि कुजबुजू नका. कुजबुजणं म्हणजे आवाजाला विश्रांती नाही, अनेकांच्या घशावर त्याने उलट ताण पडतो. बोलायचं तर हळू, पण खऱ्या आवाजात बोला. वर्गात पाठीमागच्या बाकापर्यंत पोचायचं असेल तर छोटा कमरेचा माईक घ्या.